रेब्बे श्नेयरसन आणि अमेरिकेचा शिक्षणदिन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरसाल वसंत ऋतूंत एक राष्ट्रीय दिवस जाहीर होत असतो. त्याची तारीख ठरलेली नसते. कधीं तो मार्चच्या अखेरीस पडतो, कधीं एप्रिलच्या मध्यास. कारण तो बहुधा यहूदी पंचांगाची तिथि पाहून नेमला जातो. यहूदी लोकांच्या निसान महिन्यांत वल्हांडण सण येतो, आणि त्या सणाच्या तीन-चार दिवस आधीं, निसानच्या अकराव्या तिथीच्या सुमारास, हा दिवस पाळितात. त्याचें नांव शिक्षणदिन. ज्या देशाच्या राज्यघटनेनें सरकारास कोणताहि धर्म राजधर्म म्हणून स्थापन करण्याची मनाई केली आहे, त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षानें एका यहूदी धर्मगुरूच्या जन्मतिथीस शिक्षणाचा दिवस नेमावा, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटली. हा पुरुष कोण होता व त्यानें असें काय केलें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

मेनाखेम मेंडेल श्नेयरसन यांचा जन्म १८ एप्रिल १९०२ रोजीं निकोलायेव्ह या शहरीं झाला. तें शहर तेव्हां रशियन साम्राज्यांत होतें. आज तें युक्रेन देशांत मोडतें. वडील लेव्ही यित्सहाक हे रब्बी, म्हणजे यहूदी धर्मशास्त्राचे पंडित होते. पुढें ते येकातेरिनोस्लाव्ह शहराचे मुख्य रब्बी झाले व सारें कुटुंब तिकडे राहावयास गेलें. मातोश्रींचें नांव हन्ना. तीन भावांत मेनाखेम वडील. त्यांची बुद्धि लहानपणींच इतकी तीव्र होती कीं, त्यांच्या पंतोजींनीं या मुलास पुढें शिकविण्याजोगें आपणांजवळ कांहीं उरलें नाहीं असें सांगून टाकिलें, असें चरित्रकार लिहितात. त्यानंतरचें बहुतेक शिक्षण घरींच, वडिलांच्या हाताखालीं झालें.

हें घराणें खाबाद नांवाच्या पंथांतील. (इंग्रजी अक्षरांवरून आपल्याकडे त्याचा उच्चार छाबाद असा करितात.) प्रज्ञा, विवेक व ज्ञान या अर्थाच्या तीन हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांपासून हें नांव बनलें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस श्नेऊर झाल्मन या सत्पुरुषानें हा पंथ स्थापिला. पुढें शंभर वर्षें त्याची गादी रशियांतील ल्युबाविच या खेड्यांत होती, यावरून पंथास ल्युबाविच असेंहि म्हणतात. गादीवरील गुरूस रेब्बे म्हणण्याची रीत आहे. भक्तीस अभ्यासाची जोड पाहिजे, हा या पंथाचा मूळ आग्रह होय. त्यामुळें मुलांची शाळा ही त्या लोकांस देवळाइतकीच महत्त्वाची वाटे. पांचव्या रेब्बेंची शिकवण अशी होती कीं, नित्य प्रार्थना जशी चुकवूं नये, तसेंच प्रत्येक गृहस्थानें आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयीं रोज अर्धा तास विचार करण्याचें चुकवूं नये. फी भरण्याचा नव्हे, विचार करण्याचा अर्धा तास! आमच्या पालकवर्गापैकीं किती जणांस हें व्रत झेपेल, याची आम्हांस शंका आहे.

१९१७ च्या राज्यक्रांतीनंतर रशियांत नवें सरकार आलें व त्यानें मुलांस धर्मशिक्षण देणें बंद केलें. यहूदी पाठशाळांस कुलुपें लागलीं. शिक्षकांस तुरुंग दिसूं लागला. त्या वेळचे सहावे रेब्बे योसेफ यित्सहाक यांनीं ही आज्ञा मानिली नाहीं. त्यांनीं तळघरांत, माळ्यांवर, खासगी घरांच्या मागील खोल्यांत गुप्त शाळा चालविल्या. एक शिक्षक पकडला गेला कीं दुसरा पाठवावा, असा त्यांचा क्रम होता. अखेर १९२७ च्या जून महिन्यांत लेनिनग्राड येथें त्यांस अटक झाली व मृत्यूची शिक्षा ठरली. देशोदेशींच्या लोकांनीं रदबदली केल्यामुळें ती शिक्षा हद्दपारीवर आली, नंतर तीहि रद्द झाली, आणि त्याच वर्षीं त्यांनीं तो देश सोडिला. तरुण मेनाखेमहि त्याच सुमारास बाहेर पडले. पुढील वर्षीं, १९२८ सालीं, वॉर्सा येथें रेब्बेंची मधली कन्या हया मुष्का हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्या दांपत्यास संतति झाली नाहीं.

रशिया सोडतांना पितापुत्रांची जी ताटातूट झाली, ती कायमची. १९३९ सालीं वडील पकडले गेले. त्यांस कझाकस्तानांतील एका दूरच्या गांवीं हद्दपार करण्यांत आलें. हन्नाबाई आपण होऊन पतीजवळ जाऊन राहिल्या. तेथें कागद मिळेना, शाई मिळेना. तेव्हां या बाईंनीं रानांतील वनस्पति गोळा करून, त्या उकळून शाई केली, आणि लेव्ही यित्सहाक यांनीं जवळ असलेल्या ग्रंथांच्या समासांत बारीक अक्षरांनीं आपलें विवेचन लिहून ठेविलें. १९४४ सालीं त्या वनवासांतच त्यांचा अंत झाला. माता मात्र सुटून आल्या. १९४७ सालीं मुलानें पॅरिसला जाऊन त्यांस अमेरिकेंत आणिलें. मुलांस शिकविल्याबद्दल सासऱ्यास मृत्युदंड ठरलेला, आणि धर्म न सोडल्याबद्दल पिता परदेशीं मेलेला, अशा घरांतला हा मनुष्य होता हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढें त्यांनीं शिक्षणाविषयीं इतकी उतावीळ कां दाखविली, याचा उलगडा होतो.

मधल्या वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यांत देतों. विवाहानंतर श्नेयरसन बर्लिन येथें राहिले व तेथील विद्यापीठांत गणित, पदार्थविज्ञान व तत्त्वज्ञान यांचीं व्याख्यानें ऐकूं लागले. १९३३ सालीं हिटलरची सत्ता आली तेव्हां ते पॅरिसला गेले व विजेच्या एंजिनियरिंगची पदवी त्यांनीं तेथें मिळविली. १९४० सालीं जर्मन फौजा पॅरिसवर आल्या. मग दक्षिण फ्रान्स, मग लिस्बन, आणि तेथून बोटीनें प्रवास करून २३ जून १९४१ रोजीं पतिपत्नी न्यूयॉर्क बंदरांत सुखरूप उतरलीं. धाकटा भाऊ दोव्हबेर मागें राहिला होता. तो नाझींच्या हातून मारला गेला. अमेरिकेंत युद्धकाळीं श्नेयरसन यांनीं ब्रुकलिनच्या आरमारी गोदींत एंजिनियरचें काम केलें. सासरे त्यांच्या आधीं एक वर्ष येऊन ब्रुकलिनमधील ईस्टर्न पार्कवे या रस्त्यावरील ७७० क्रमांकाच्या घरांत राहिले होते. त्यांनीं शिक्षणसंस्था व ग्रंथप्रकाशन यांचा कारभार जांवयाकडे सोंपविला.

२८ जानेवारी १९५० रोजीं सहावे रेब्बे वारले. अनुयायांनीं जांवयास गादीवर बसण्याची विनंती केली; ती त्यांनीं नाकारली. एक वर्षभर हा आग्रह व नकार चालला होता. शेवटीं १७ जानेवारी १९५१ रोजीं, सासऱ्यांच्या पहिल्या पुण्यतिथीस, त्यांनीं पद स्वीकारिलें. त्या वेळीं हा पंथ जवळजवळ मोडलेलाच होता. रशियांतील शाळा बंद, पोलंडांतील माणसें मारलेलीं, आणि उरलेलीं थोडीं कुटुंबें निर्वासितांच्या छावण्यांतून नुकतीं बाहेर पडलेलीं. अशा प्रसंगीं सामान्य पुरुष उरलेल्यांस एकत्र गोळा करून भोंवतीं कुंपण घालील. श्नेयरसन यांनीं उलट केलें. त्यांनीं आपल्या जवळचीं तरुण माणसें एकेक करून दूर पाठविण्यास प्रारंभ केला.

नवविवाहित दांपत्यास बोलावून एखाद्या शहराचें नांव सांगावें. तेथें जाऊन त्यांनीं आयुष्यभर राहावें. बालवर्ग काढावा, दर शनिवारीं दार उघडें ठेवावें, येईल त्यास जेवावयास घालावें, आणि पैसा आपला आपण उभारावा, अशी ही योजना होती. आरंभींचीं माणसें उत्तर आफ्रिकेंतील मोरोक्कोंत गेलीं. मग युरोप, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका. आज शंभरांहून अधिक देशांत असे दूत आहेत. दूत म्हणजे पतिपत्नी दोघेंहि, हा मुद्दा रेब्बे कधीं विसरूं देत नसत. मुलींच्या शिक्षणाकडेहि त्यांचें मुलांच्या शिक्षणाइतकेंच लक्ष असे. नवल असें कीं, साऱ्या जगांत माणसें पाठविणारा हा पुरुष स्वतः मात्र १९४७ नंतर अमेरिकेबाहेर कधींच गेला नाहीं. घर, ७७० क्रमांकाची इमारत, आणि सासऱ्यांची समाधि एवढ्यांतच त्यांचा बहुतेक प्रवास संपे.

या कामाची कसोटी १९५६ सालीं लागली. इस्राएल देशांत क्फार खाबाद नांवाचें एक खेडें आहे. रशियांतून निसटून आलेल्या कुटुंबांनीं तें १९४९ सालीं वसविलें होतें. ११ एप्रिल १९५६ च्या रात्रीं तेथील उद्योगशाळेचे विद्यार्थी सायंप्रार्थनेस उभे असतां सशस्त्र हल्लेखोर आंत शिरले व त्यांनीं गोळ्या झाडल्या. पांच मुलें व एक शिक्षक ठार झाले. गांवावर असें दुःख कोसळलें कीं, लोकांत गांव मोडून इकडेतिकडे जाण्याच्या गोष्टी निघूं लागल्या. ज्यांनीं रशियाचा तुरुंग पाहिला होता, नाझींचें राज्य पाहिलें होतें, त्यांचाहि धीर आतां सुटला. ब्रुकलिनहून रेब्बे काय कळवितात, याची सर्व जण वाट पाहूं लागले. कांहीं दिवस उत्तरच आलें नाहीं. मग तार आली. तिचा आशय एवढाच होता कीं, बांधकाम पुढें चालू ठेवणें यांतच तुमचें सांत्वन आहे. तार लहान होती. गांवकऱ्यांनीं मात्र ती अक्षरशः पाळिली. मेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ छपाईचें शिक्षण देणाऱ्या शाळेची नवी इमारत त्यांनीं उभारली. त्या उन्हाळ्यांत रेब्बेंनीं न्यूयॉर्कहून आपल्या बारा विद्यार्थ्यांस तिकडे धाडिलें. त्यांनीं गांवोगांव फिरून लोकांस धीर दिला. शोक करूं नका असें रेब्बेंनीं कोठेंहि म्हटलें नाहीं. शोकास हातांनीं करण्याजोगें काम त्यांनीं दिलें.

हा पाठ त्यांच्या मृत्यूनंतरहि त्यांच्या शिष्यांस उपयोगीं पडला, आणि तो आपल्या मुंबईंत. कुलाब्यांतील नरिमन हाउस या इमारतींत २००३ सालीं गाव्रिएल व रिव्का होल्ट्झबर्ग हें तरुण दूत-दांपत्य राहावयास आलें. परदेशी प्रवासी, व्यापारी, पाठीवर बोचकें घेऊन फिरणारे तरुण, सर्वांसाठीं त्यांचें दार उघडें असे. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर जो हल्ला झाला, त्यांत हें दांपत्य व त्यांचे पाहुणे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलास घरांतील भारतीय दाईनें जिवावर उदार होऊन बाहेर काढिलें. २०१४ सालीं त्याच इमारतींत तें काम पुन्हां सुरू झालें.

आतां ज्यासाठीं सरकारनें त्यांचा गौरव केला, त्या शिक्षणविचाराकडे वळूं.

रेब्बेंचा एक आवडता दृष्टांत होता. वाढलेल्या झाडास कोणीं ओरखडा काढिला तर एखादी फांदी विद्रूप होईल; पण तोच ओरखडा पेरण्यापूर्वीं बीजावर पडला, तर सारें झाड आयुष्यभर वांकडें वाढेल. मूल हें बीज आहे, म्हणून त्याच्या बाबतींत लहानशी हयगयहि लहान नसते. यावरून ते असें प्रतिपादन करीत कीं, शाळेनें मुलास पोट भरण्याची विद्या दिली एवढ्यानें तिचें काम झालें नाहीं; त्यास चांगला माणूस करणें हें तिचें पहिलें काम, आणि हिशेब, व्याकरण, शास्त्रें हीं त्या मागून. आपल्या कृत्यांचा जाब कोणास तरी द्यावयाचा आहे, ही जाणीव मुलाच्या ठायीं नसेल, तर पोलिसाची पाठ वळतांच तें मनास येईल तसें वागेल. आणि असें मूल हुशार निघालें तर अधिकच वाईट. कारण पकडलें कसें जाऊं नये, हेंहि तें शिकेल. १९८१ सालीं राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर एका तरुणानें गोळी झाडली, तेव्हां रेब्बेंनीं आपल्या प्रवचनांत नेमकें हेंच दाखवून दिलें कीं, गुन्हेगार दरिद्री घरचा नव्हता. सधन घरांत वाढलेला व शाळा शिकलेला होता. दारिद्र्य हेंच गुन्ह्याचें मूळ आहे, असें म्हणून शाळेस सुटतां येत नाहीं. विद्वत्तेचें माहेरघर म्हणून गाजलेल्या बर्लिनच्या विद्यापीठांत बसून त्यांनीं व्याख्यानें ऐकिलीं होतीं, आणि त्याच देशानें पुढें काय केलें हें त्यांनीं पाहिलें होतें. त्यामुळें नुसत्या विद्येवर त्यांचा विश्वास बसत नसे.

या मतामुळें त्यांस स्वजातीयांचाहि विरोध सोसावा लागला. न्यूयॉर्क संस्थानच्या शिक्षणमंडळानें सरकारी शाळांसाठीं कोणत्याहि एका धर्माची नव्हे अशी एक छोटी प्रार्थना तयार केली होती. १९६२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती घटनाबाह्य ठरविली. बहुतेक यहूदी संस्थांस हा निकाल पसंत पडला, आणि त्यांचें कारण क्षुल्लक नव्हतें. शाळेंत प्रार्थना आली कीं ती हळूहळू बहुसंख्यांची होते, आणि अल्पसंख्यांचें मूल वर्गांत अवघडून उभें राहतें, हा अनुभव त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. रेब्बेंनीं मात्र पत्रें लिहून या निकालाबद्दल खेद दर्शविला. त्यांचें म्हणणें असें कीं, लक्षावधि मुलें अशीं आहेत कीं ज्यांस देवाचें नांव शाळेंत ऐकूं आलें नाहीं तर कोठेंच येणार नाहीं. आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसतें, आणि हा वाद तेथें अद्याप मिटलेला नाहीं.

पुढें त्यांनीं दुसरा मार्ग सुचविला, आणि तो आम्हांस अधिक हृद्य वाटतो. रोज सकाळीं शाळा सुरू होतांना मुलांनीं एक मिनिट स्वस्थ बसावें. प्रार्थना म्हणूं नये, शिक्षकांनीं कांहीं सांगूं नये. मग त्या मिनिटांत मुलानें विचार तरी कशाचा करावयाचा? तें त्याला आईबापांनीं घरीं सांगावें! अर्थात् आईबापांस आधीं स्वतः विचार करून मुलाशीं त्याविषयीं बोलावें लागेल. एका मिनिटाच्या मौनानें सगळ्या घरास बोलतें करण्याची ही युक्ति आहे. अमेरिकेंतील कित्येक संस्थानांनीं अशा मौनाचे कायदे केले आहेत. त्यांपैकीं अलाबामाचा कायदा मात्र १९८५ सालीं न्यायालयानें रद्द केला, कारण मौनाच्या आडून प्रार्थना आणण्याचा हेतु त्यांत उघड दिसत होता.

मुलानें नीति तोंडानें म्हणून शिकावयाची नसून हातानें शिकावयाची, असेंहि त्यांचें मत होतें. म्हणून प्रत्येक घरांत व मुलांच्या खोलींत दानाची पेटी ठेवावी, तींत मुलानें रोज स्वतःच्या हातानें एखादें लहान नाणें टाकावें, असा त्यांचा आग्रह असे. नाणें केवढें याला महत्त्व नाहीं. देण्याची हातास संवय लागली पाहिजे. मंदबुद्धि म्हणून ज्या मुलांस लोक कोपऱ्यांत बसवितात, त्यांसहि शिकविलेंच पाहिजे, त्यांचीहि नैतिक व आत्मिक भूक इतरांसारखीच असते, हें त्यांनीं १९७९ सालीं एका पत्रांत कळकळीनें मांडिलें आहे.

१९७६ च्या सुमारास त्यांनीं शिक्षणासाठीं मोठी मोहीम काढिली. १९७७ च्या शरद ऋतूंत सणाच्या रात्रीं उत्सव चालू असतांनाच त्यांस हृदयविकाराचा झटका आला. परंतु ७७० क्रमांकाची इमारत सोडून रुग्णालयांत जाण्यास ते तयार झाले नाहींत, आणि थोड्या आठवड्यांत पुन्हां कामास लागले. पुढील वर्षीं कायदेमंडळाच्या ठरावास अनुसरून राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीं १८ एप्रिल १९७८ हा दिवस शिक्षणदिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशीं रेब्बेंस ७६ वर्षें पुरीं झालीं. ज्या विद्यार्थ्यांस गणिताची गोडी आहे त्यांनीं येथें एक गंमत पाहावी. जन्मदिवसाची इंग्रजी तारीखहि १८ एप्रिल, आणि तिथीहि निसानची अकरावी! आपल्या पंचांगाप्रमाणें यहूदी पंचांगांतहि अधिक मास असतो. एकोणीस वर्षांत सात अधिक मास, असा त्यांचा हिशेब आहे, म्हणून दर एकोणीस वर्षांनीं तिथि व तारीख बहुधा जुळून येतात. शहात्तर म्हणजे एकोणिसाची चौपट.

रेब्बेंनीं हा मान स्वतःचा म्हणून मिरविला नाहीं. राष्ट्रानें शिक्षणास एक दिवस दिला, आतां उरलेल्या दिवसांत काय करावयाचें तें पाहा, असाच त्यांच्या बोलण्याचा रोख असे. शिक्षणासाठीं केंद्र सरकारांत स्वतंत्र खातें असावें, या सूचनेसहि त्यांचा पाठिंबा होता. तसा कायदा १९७९ सालीं झाला. १९८२ सालीं, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं राष्ट्रीय चिंतनदिन जाहीर केला. कार्टर एका पक्षाचे, रेगन दुसऱ्या पक्षाचे. या एका बाबतींत मात्र पक्षभेद आड आला नाहीं, आणि पुढील राष्ट्राध्यक्षांनींहि ही प्रथा सोडिली नाहीं. कांहीं वर्षांनीं या दिवसाच्या नांवांत शिक्षणाच्या जोडीस वांटून देणें या अर्थाचा शब्द घालण्यांत आला. १९९१ सालच्या ठरावांत तर नोहाच्या सात आज्ञांचाहि उल्लेख आहे. खून करूं नये, चोरी करूं नये, न्यायासनें स्थापावीं अशा ज्या सात आज्ञा यहूदी परंपरेप्रमाणें सर्व मनुष्यमात्रास लागू आहेत, त्या या होत. सरकारी ठरावांत त्या येणें उचित कीं अनुचित, याबद्दल तेथें मतभेद आहेत.

१९८६ सालापासून ते दर रविवारीं आपल्या इमारतीच्या दाराशीं उभे राहूं लागले. रांगेंतून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं ते एक डॉलरची नोट ठेवीत व चार शब्द बोलत. ही नोट घेणाऱ्यानें दान करावयाची असे. दोन माणसें भेटलीं तर त्यांतून तिसऱ्याचें हित व्हावें, हा त्यांतील हेतु. हजारों माणसें येत. ऐंशी उलटलेला म्हातारा तासन्‌तास उभा. एका वृद्धेनें विचारिलें, आपण थकत कसे नाहीं? त्यांनीं उत्तर दिलें कीं, प्रत्येक जीव हा हिरा आहे, आणि हिरे मोजणारास थकवा येत नसतो.

चरित्र सांगावयाचें तर दुःखद भागहि लपवूं नये. १९९१ च्या ऑगस्टांत त्यांच्या ताफ्यांतील एका मोटारीच्या अपघातांत शेजारच्या कृष्णवर्णी वस्तींतील एक लहान मुलगा दगावला. त्यावरून ब्रुकलिनमध्यें दंगल उसळली व एका यहूदी तरुणाचा बळी गेला. शहराचे नगराध्यक्ष भेटीस आले तेव्हां रेब्बेंनीं एवढेंच सुचविलें कीं, येथें दोन जाती नाहींत, एका शहराचे एकच लोक आहेत. हें वचन थोर खरें. परंतु चाळीस वर्षें शेजारीं राहूनहि दोन वस्त्यांत एवढें अंतर कसें उरलें, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. त्यांचे कांहीं अनुयायी त्यांसच मशीहा मानूं लागले, यावरूनहि पंथांत व पंथाबाहेर वाद माजला. तो त्यांच्या मृत्यूनंतरहि शमला नाहीं.

त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत त्यांनीं एका रात्रीं शिष्यांस अनपेक्षितपणें सांगितलें होतें कीं, मला जें करतां आलें तें मी केलें. आतां तुम्हांस जें करतां येईल तें तुम्ही करा. ऐकणारे गोंधळून गेले. पत्नी १९८८ सालींच वारली होती. २ मार्च १९९२ रोजीं सासऱ्यांच्या समाधीजवळ प्रार्थना करीत असतां त्यांस पक्षाघात झाला व वाचा गेली. १२ जून १९९४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. गादीवर दुसरा रेब्बे बसला नाहीं.

अमेरिकेचें कायदेमंडळ विशेष गौरवासाठीं एक सुवर्णपदक देत असतें. त्याचा पहिला मान जॉर्ज वॉशिंग्टन यांस १७७६ सालीं मिळाला होता. जगाचें शिक्षण, नीति व दानधर्म यांसाठीं केलेल्या कार्याबद्दल हें पदक श्नेयरसन यांस अर्पण करण्याचा कायदा राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीनें २ नोव्हेंबर १९९४ रोजीं झाला. रेब्बेंस जाऊन तेव्हां पांच महिने होत आले होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील दफनभूमींत त्यांची समाधि आहे. तिच्या लगत दुसरी समाधि आहे ती त्यांच्या सासऱ्यांची, ज्यांस १९२७ सालीं लेनिनग्राड येथें मुलांच्या शाळा चालविल्याबद्दल एका सरकारनें देहान्ताची शिक्षा फर्माविली होती.